स्तनाचा कर्करोग : गाठीच्या वाढीचा वेग आणि आजाराचे भवितव्य

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे, असे निदान झाले की रुग्णाच्या हाती पॅथॉलॉजीचा अहवाल येतो. त्यात ‘ग्रेड ३’, ‘ई.आर. पॉझिटिव्ह’, ‘हर-२ निगेटिव्ह’, ‘केआय-६७ : ४० टक्के’ अशा नोंदी असतात. नातेवाईक त्यातील सर्वांत मोठा आकडा उचलतात आणि तो म्हणजे जणू मृत्यूची शक्यता, असे समजून घाबरतात. काही जण उलट लहान आकडा पाहून निश्चिंत होतात आणि उपचार अर्ध्यावर सोडतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हे आकडे गाठीचा स्वभाव सांगतात. त्यांच्या आधारे उपचारांची दिशा ठरते. आयुष्याची मुदत त्यांत लिहिलेली नसते.

विषय महत्त्वाचा आहे, कारण भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आता स्तनाचाच आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या स्त्रीला अहवाल दोन ठिकाणी तपासून घेता येतो. पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या आदिवासी गावातील स्त्रीच्या बाबतीत मात्र अहवाल लिहिला जाण्यापूर्वीच त्यातील आकडे बिघडण्याचा धोका असतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी हे आकडे काय आहेत ते पाहू.

टप्पा वेगळा, स्वभाव वेगळा

आजाराच्या संभाव्य वाटचालीचा अंदाज दोन गोष्टींवरून बांधला जातो. पहिली म्हणजे आजार किती पसरला आहे, अर्थात त्याचा टप्पा किंवा स्टेज. गाठ किती सेंटिमीटरची आहे, काखेतील किती लसिकाग्रंथींत ती पोहोचली आहे, हाडे, यकृत, फुप्फुस येथे तिचा प्रसार झाला आहे काय, यावरून टप्पा ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे गाठीचा जैविक स्वभाव. तिच्या पेशी किती वेगाने विभागतात, कोणत्या संप्रेरकावर पोसल्या जातात, कोणत्या औषधाला त्या दाद देतील, हे त्यावरून कळते.

यांपैकी टप्प्याचे वजन आजही मोठे आहे. भारतातील ११ लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे एकूण प्रमाण ६६.४ टक्के आढळले. आजार स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्यांमध्ये ते ८१ टक्के होते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर निदान झालेल्यांमध्ये केवळ १८.३ टक्के. गाठीचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही. निदानाची वेळ मात्र अलीकडे आणता येते.

अमेरिकेतील कर्करोग-वर्गीकरण समितीने २०१८ पासून लागू केलेल्या आठव्या आवृत्तीत गाठीचा आकार व प्रसार यांच्या जोडीला तिचा ग्रेड, संप्रेरकग्राही आणि हर-२ यांचाही विचार करून ‘रोगानुमानाचा टप्पा’ ठरविण्याची पद्धत आणली. म्हणजे एकाच आकाराच्या दोन गाठी आता एकाच टप्प्यात मोडतीलच असे नाही.

सूक्ष्मदर्शकाखालील प्रतवारी

वाढीचा वेग मोजण्याची सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत म्हणजे ग्रेड अर्थात प्रतवारी. ब्लूम आणि रिचर्डसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये तिची मांडणी केली आणि नॉटिंगहॅम येथील एल्स्टन व एलिस यांनी १९९१ मध्ये तिला आजचे काटेकोर रूप दिले. विकृतिशास्त्रज्ञ तीन गोष्टी पाहतो : पेशी मूळच्या दुग्धनलिकांसारखी रचना किती राखून आहेत, त्यांची केंद्रके किती बेढब झाली आहेत आणि ठरावीक क्षेत्रात विभाजनाच्या अवस्थेतील किती पेशी दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण मिळतात. बेरीज ३ ते ५ असल्यास ग्रेड १, ६ किंवा ७ असल्यास ग्रेड २ आणि ८ किंवा ९ असल्यास ग्रेड ३.

येथे एक गल्लत नेहमी होते. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड ३ ची एक सेंटिमीटरची गाठ पहिल्या टप्प्यातही असू शकते आणि ती पूर्ण बरीही होऊ शकते. या प्रतवारीला महागडी रसायने लागत नाहीत. चांगली स्लाइड, चांगला सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी डोळे एवढेच तिला लागते.

केआय-६७ म्हणजे काय?

विभाजनाचा वेग अधिक थेट मोजणारी चाचणी केआय-६७ ही होय. जर्मनीतील कील शहरात गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक प्रतिपिंड तयार केला. तो केवळ विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकाला चिकटत असे, विश्रांत पेशींना नाही. शहराच्या नावातील पहिली दोन अक्षरे आणि प्रयोगाच्या तबकडीतील ६७ वा कप्पा यांवरून त्याला केआय-६७ हे नाव मिळाले. पुढे मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या तुकड्यांवरही चालणारे प्रतिपिंड उपलब्ध झाले आणि ही चाचणी जगभर रूढ झाली.

चाचणीची रीत सोपी आहे. गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंड टाकला की विभाजनाच्या चक्रातील पेशींची केंद्रके तपकिरी रंगतात. शंभर कर्कपेशींपैकी ज्या टक्केवारीने रंग धरला, ती केआय-६७ ची टक्केवारी. ४० टक्के याचा अर्थ शंभरातील ४० पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत. आजार ४० टक्के पसरला आहे किंवा बरे होण्याची शक्यता ६० टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

अडचण आहे ती कमी आणि जास्त यांतील सीमारेषेची. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथील तज्ज्ञांच्या परिषदेने २०११ मध्ये १४ टक्के ही रेषा धरली. २०१३ मध्ये २० टक्क्यांचा विचार पुढे आला. एकच स्लाइड वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजली असता आकडे जुळत नाहीत, असेही वारंवार दिसून आले. शेवटी या चाचणीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने व्यवहार्य तोडगा काढला. संप्रेरकग्राही असलेल्या, हर-२ नसलेल्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात ५ टक्के वा त्याहून कमी आकडा निश्चितपणे ‘कमी’ आणि ३० टक्के वा त्याहून अधिक आकडा निश्चितपणे ‘जास्त’ मानावा. मधल्या पट्ट्यात केवळ या आकड्यावर केमोथेरपीचा निर्णय घेऊ नये. अमेरिकेत अबेमासिक्लिब हे औषध २०२१ मध्ये मंजूर करताना केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट घातली गेली होती. २०२३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. १८ आणि २२ टक्के यांतील फरकाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

एकटा आकडा बोलत नाही

केआय-६७ चा अर्थ अहवालातील अन्य तीन नोंदींच्या सोबतीनेच लागतो. ई.आर. आणि पी.आर. म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांचे ग्राही. एक टक्का पेशींतही इस्ट्रोजेनचा ग्राही आढळला तर अहवाल पॉझिटिव्ह समजतात. १ ते १० टक्क्यांपर्यंतच्या गाठींची ‘अल्प पॉझिटिव्ह’ अशी वेगळी नोंद केली जाते. ही बातमी रुग्णाच्या बाजूची असते, कारण टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी येथे कामी येते. पाच वर्षे नियमित घेतलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे अशा रुग्णांतील पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे जगभरातील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात २०११ मध्ये स्पष्ट झाले. मात्र या गटातील काही गाठी अतिशय सावकाश वागतात आणि दहा-पंधरा वर्षांनंतरही उलटू शकतात. म्हणूनच ‘वेग कमी आहे’ या समाधानात गोळी बंद करणे धोक्याचे ठरते.

हर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन. त्याची नोंद ०, १+, २+ किंवा ३+ अशी होते. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असल्यास ‘फिश’ नावाची जनुकीय चाचणी करून खात्री करावी लागते. एके काळी हर-२ पॉझिटिव्ह हा वाईट शकुन मानला जाई. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. भारतात २०१४ पासून त्याचे तुलनेने स्वस्त बायोसिमिलर औषधही मिळू लागले. वाईट समजली जाणारी खूण औषध सापडताच उपचाराची खूण कशी बनते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिन्ही नोंदी निगेटिव्ह असल्यास तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कर्करोग. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण १० ते १५ टक्के, तर भारतीय अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ते ३० टक्क्यांच्या आसपास आढळते. यात केआय-६७ बहुधा बराच जास्त असतो आणि आजार उलटलाच तर प्रामुख्याने पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो. परंतु वेगाने विभागणाऱ्या पेशींवर केमोथेरपीचा मारा अधिक परिणामकारक ठरतो, हीही याची दुसरी बाजू. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या केमोने गाठ पूर्ण नाहीशी झाल्यास पुढील वाटचाल चांगली राहते. या गटातील सातशेहून अधिक स्त्रियांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस मांडण्यात आले. नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिन या जुन्या औषधाची जोड दिल्यास पन्नाशीच्या आतील रुग्णांना विशेष लाभ होतो, असे त्यात दिसले.

केआय-६७ चा आणखी एक उपयोग ब्रिटनमधील ‘पोएटिक’ चाचणीने दाखवून दिला. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे संप्रेरकविरोधी गोळी देऊन हा आकडा आधी आणि नंतर मोजण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हर-२ निगेटिव्ह गटात ज्यांचा आकडा मुळातच कमी होता त्यांच्यात पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ४.३ टक्के होते. जास्त असून गोळीने खाली आलेल्यांत ते ८.४ टक्के आणि गोळी घेऊनही जास्तच राहिलेल्यांत २१.५ टक्के आढळले. गाठ उपचाराला कशी दाद देते, हे पहिल्या दिवशीच्या आकड्याइतकेच बोलके असते.

रक्तातील मार्कर आणि जनुकीय चाचण्या

‘ट्यूमर मार्कर’ हा शब्द ऐकला की अनेकांना रक्ताची सीए १५-३ ही चाचणी आठवते. वर सांगितलेल्या चाचण्या गाठीच्या तुकड्यावर होतात. सीए १५-३ रक्तात मोजतात. आजार अंगभर पसरलेल्या रुग्णात उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी तिचा काही उपयोग होतो. सुरुवातीच्या कर्करोगात ती बहुधा सामान्य येते आणि यकृताच्या काही साध्या आजारांत वाढलेलीही दिसते. त्यामुळे गाठ कर्करोगाची आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. ‘रक्त चांगले आले’ म्हणून गाठीची तपासणी लांबणीवर टाकणे महागात पडू शकते.

गाठीतील अनेक जनुकांचे कार्य एकत्रित मोजणाऱ्या चाचण्याही आता उपलब्ध आहेत. अमेरिकेची ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुके तपासते आणि केआय-६७ चे जनुक त्यात आहेच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स चाचणीने दाखविले की, काखेत प्रसार नसलेल्या, संप्रेरकग्राही असलेल्या आणि हर-२ नसलेल्या गाठीत गुणांक ११ ते २५ असल्यास पन्नाशीपुढील स्त्रियांना केमोचा जादा फायदा होत नाही. असंख्य स्त्रियांची केमो त्यामुळे टळली. तिचा खर्च मात्र बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. बंगळुरूमध्ये विकसित झालेली कॅनअसिस्ट ही चाचणी पाच प्रथिने आणि गाठीची नेहमीची लक्षणे यांवरून असाच अंदाज देते. या चाचण्या ठरावीक रुग्णांसाठीच आहेत. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-२ पॉझिटिव्ह गाठीत त्यांचा विचार करण्याचे कारण नसते.

तुकड्याचा प्रवास

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे सर्व आकडे विश्वासार्ह ठरतात ते गाठीचा तुकडा नीट जपला गेला तरच. शरीरातून निघताच पेशी मरू लागतात. म्हणून तासाभराच्या आत तो तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि किमान ६ तास व जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवे. मोठी गाठ असेल तर तिला काप द्यावे लागतात. अन्यथा द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही. तुकडा नुसत्या सलाइनमध्ये ठेवला, बाटली लहान पडली किंवा फॉर्मॅलिन टाकायला उशीर झाला तर विभागणाऱ्या पेशी ओळखू येत नाहीत. ग्रेड खोटा उतरतो, केआय-६७ कमी दिसतो आणि सर्वांत वाईट म्हणजे ई.आर. खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मग जी स्त्री टॅमॉक्सिफेनच्या गोळीने वाचू शकली असती, तिला ती गोळी मिळतच नाही.

साखरशेतसारख्या गावातील स्त्रीचा मार्ग डोळ्यांसमोर आणावा. गाठ दुखत नाही, म्हणून ती महिनोन् महिने अंगावर काढली जाते. पुढे जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, त्यानंतर नाशिक किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरील मुंबई. मजुरी बुडवून, प्रवासखर्च सोसून होणाऱ्या या प्रवासात कुणी निदानाआधीच गाठ काढून टाकली आणि तुकडा तपासणीलाच गेला नाही, तर पुढच्या डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नाही. केवळ बारीक सुईने पेशी ओढून घेण्याच्या तपासणीत कर्करोग आहे एवढे कळते; संपूर्ण चित्र मिळत नाही. त्यासाठी जाड सुईने काढलेले चार-पाच तुकडे, अर्थात कोअर बायोप्सी, लागते. स्थानिक भूल देऊन ती होते आणि तिने आजार पसरत नाही. लहान गावातील रुग्णासाठी महागड्या जनुकीय चाचणीपेक्षा वेळेवर भरलेली फॉर्मॅलिनची बाटली आणि तिच्यावर लिहिलेली वेळ अधिक मोलाची आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

या विषयाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसविली. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या संबंधांचा शोध घेतला. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासींच्या पोषणाच्या प्रश्नांवर काम केले. प्रयोगशाळा आणि पाडा यांत अंतर नसावे, हे त्यांनी आपल्या कामातून दाखविले.

ते अंतर कमी करता येते, याचा पुरावा टाटा मेमोरियलनेच मुंबईच्या वस्त्यांतून दिला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील १ लाख ५१ हजारांवर स्त्रियांचा समावेश होता. निम्म्या भागांत प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. मॅमोग्राफीचे यंत्र वापरले नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात निदान होण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मात्र ही घट ३० टक्क्यांच्या जवळपास होती. दूरच्या तालुक्यांतील उपकेंद्रांना जमेल अशीच ही पद्धत आहे. केंद्र शासनाच्या कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांच्या अशा तपासणीची तरतूद आहे.

रुग्णाने काय करावे?

स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, रक्तमिश्रित स्राव, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. गाठ काढण्यापूर्वी कोअर बायोप्सी करण्याविषयी विचारावे. अहवालात गाठीचा प्रकार, ग्रेड, ई.आर., पी.आर., हर-२ आणि केआय-६७ यांच्या नोंदी आहेत का, ते पाहावे. हर-२ ची नोंद २+ असल्यास फिश चाचणीशिवाय तो विषय बंद करू नये. अहवालाच्या प्रतीबरोबरच स्लाइड आणि मेणातील ठोकळे, म्हणजे ब्लॉक, मागून घ्यावेत. ते वर्षानुवर्षे टिकतात आणि शंका आल्यास दुसऱ्या प्रयोगशाळेत त्यांवर पुन्हा चाचणी करता येते. खर्चाच्या चिंतेने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे.

डॉक्टरांना विचारण्याचा खरा प्रश्न ‘किती दिवस उरले?’ हा नव्हे. ‘या गाठीचा स्वभाव पाहता माझ्यासाठी कोणता उपचार आवश्यक आहे आणि कोणता टाळता येईल?’ हा आहे. अहवालातील प्रत्येक आकडा याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असतो. साखरशेतच्या स्त्रीलाही ते उत्तर तितकेच बिनचूक मिळावे, यासाठी गाठ वेळेवर दिसणे आणि तिचा तुकडा नीट जपला जाणे या दोन गोष्टी लागतात. दोन्ही आपल्या आवाक्यातील आहेत.